मोटरसायकलचे लायसन : सोळा, अठरा आणि मधली दोन वर्षे

सुट्टी जवळ आली की आपल्या डॉर्ममध्ये दिवे गेल्यावर दोनच विषय असतात. एक घरचे जेवण आणि दुसरा घरची गाडी. कोणाकडे स्प्लेंडर, कोणाकडे पल्सर, कोणाच्या काकांकडे बुलेट. मग कोणीतरी ठामपणे सांगतो, "सोळा पूर्ण झाले की लायसन मिळते." दुसरा म्हणतो, "गावात कोण विचारतो?" तिसऱ्याचे म्हणणे असते, "कॉलनीच्या आतल्या रस्त्याला लायसन लागतच नाही." ही तीन वाक्ये मी वर्षभरात इतक्या वेळा ऐकली की ती कितपत खरी आहेत, हे एकदा नीट पाहायचे ठरवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तशी संधीही मिळाली. आम्ही मूळचे निपाणीकडचे, पण बाबांच्या नोकरीमुळे घर म्हैसूरला लागून असलेल्या हूटगळ्ळीला आहे. हा सगळा औद्योगिक भाग. एका बाजूला हुणसूर रस्ता, आत कारखाने आणि कारखान्यांना लागून वसाहती. बाबा मोटरसायकलने ड्युटीला जातात. या सुट्टीत दादाला अठरा पूर्ण झाली आणि त्याने लायसन काढले. त्याचा अर्ज, अभ्यास, सराव आणि परीक्षा हे सगळे मी जवळून पाहिले. मी पंधरा वर्षांचा, त्यामुळे माझ्याकडे काम होते ते विटा मांडण्याचे आणि वहीत टिपण्याचे. त्या वहीतले उपयोगी ते इथे देतो. लायसनचा मुख्य कायदा, म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम, सगळ्या देशाला एकच आहे. म्हणून तुमचे घर कोल्हापूरला असो, बेळगावला असो की म्हैसूरला, हे तुम्हालाही लागू आहे.

सोळाव्या वर्षी काय मिळते?

पहिले वाक्य अर्धे खरे आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला लायसन मिळू शकते, पण ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचे. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. ५० सीसीच्या वरची कोणतीही मोटरसायकल किंवा स्कूटर चालवायला अठरा पूर्ण असावी लागतात. मग तिला गिअर असो वा नसो.

आता ५० सीसी म्हणजे किती? बाबांच्या स्प्लेंडरचे इंजिन ९७ सीसीच्या आसपास आहे. आईच्या मैत्रिणीची ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास. दूधवाले आणि भाजीवाले वापरतात ती टीव्हीएस एक्सएल १०० नावाप्रमाणे शंभर सीसीच्या जवळ. म्हणजे घरात दिसणारी एकही गाडी सोळाव्या वर्षाच्या लायसनमध्ये बसत नाही.

मग असा नियम केलाच कशाला? बाबांना विचारल्यावर उलगडा झाला. हा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर मोपेड भरपूर होत्या. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये आली आणि महाराष्ट्रात घरोघरी पोचली. ती ५० सीसीची. पुढे टीव्हीएस ५० आली. लूनाला सायकलसारखे पायडल होते आणि वेगही बेताचा. सोळा वर्षांच्या मुलाने क्लासला जायला अशी गाडी वापरावी, हे त्या काळात शोभणारे होते. आज शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल गाडी दिसत नाही. नियम राहिला आणि गाडी गेली. त्यामुळे "सोळाला लायसन मिळते" हे वाक्य कागदावर खरे असले तरी आपल्या दारातल्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

बॅटरीच्या गाड्यांबद्दलही गोंधळ आहे. जिच्या मोटरची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग तासाला २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी मान्यता मिळालेली दुचाकी मोटार वाहनात धरली जात नाही. तिला लायसन लागत नाही. पण त्याहून वेगवान ई-स्कूटर हे पूर्ण मोटार वाहन आहे. तिचा आवाज येत नाही म्हणून कायदा तिला सायकल समजत नाही.

तिसरे वाक्य तर साफ चूक आहे. कायदा "सार्वजनिक जागा" म्हणतो, आणि जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी प्रत्येक जागा त्यात येते. कॉलनीतला रस्ता, कारखान्यांमधला रस्ता आणि गावातली पांदण यांतले काहीच त्यातून सुटत नाही.

दंड कोणाला होतो?

"गावात कोण विचारतो?" या वाक्याचे उत्तर २०१९ च्या दुरुस्तीत आहे. तेव्हा कायद्यात कलम १९९अ घातले गेले. ते मी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा वाचून विश्वास बसला नाही.

अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी धरले जातात ते त्याचे पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडी आपल्या संमतीनेच नेली होती, असे न्यायालय धरून चालते. "मला माहीत नव्हते" किंवा "मी अडवण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता" हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. मुलाकडे लायसन असेल आणि त्या लायसनमध्ये बसणारीच गाडी तो चालवत असेल, तर मात्र पालकांना हे कलम लागू होत नाही.

याचा हिशोब आमच्या घरापुरता केला. नोंदणी बारा महिने रद्द म्हणजे बाबांनी बारा महिने पहाटेच्या पाळीला बस शोधायची. पाच वाजता हूटगळ्ळीच्या आतल्या रस्त्यावर बस नसते. म्हणजे रोज कोणाच्या तरी मागे बसून जायचे. २५,००० रुपये हा आकडा किती मोठा, हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक आहे. आणि पंचवीस वर्षांपर्यंत लायसन नाही म्हणजे आपल्यापैकी जो बाविसाव्या वर्षी अधिकारी होईल, तो युनिटमध्ये स्वतःची मोटरसायकल चालवू शकणार नाही.

विम्याचे गणितही असेच आहे. गाडीचा विमा असला तरी चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर जखमी माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते. दहा मिनिटांच्या फेरीची किंमत घर किती वर्षे फेडत बसेल, हे सांगता येत नाही.

कच्चे लायसन

आपण मराठीत "कच्चे लायसन" म्हणतो, म्हैसूरकडे सगळे "एलएलआर" म्हणतात. सरकारी नाव शिकाऊ अनुज्ञप्ती. अर्ज "सारथी" या सरकारी प्रणालीवर भरता येतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तब्येतीची स्वयंघोषणा लागते. खासगी गाडी चालवणार असाल आणि वय चाळीसच्या आत असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्याऐवजी ही स्वयंघोषणा चालते. त्यात एक प्रश्न आहे की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? दादाने "हो" लिहिले, पण आईने खाली रस्त्यावर पावले मोजून त्याला खरोखर वाचायला लावली. आपल्या मैदानावर हे कोणीही करून पाहू शकतो. ज्याला जमणार नाही त्याने आधी चष्म्याचा नंबर काढावा.

त्यानंतर संगणकावर प्रश्न येतात ते वाहतुकीच्या खुणा, पुढे कोणाला जाऊ द्यायचे, थांबायचे कुठे, अपघात झाला तर चालकाचे कर्तव्य काय, असे. किमान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खुणांचा आकारच त्यांचा अर्थ सांगतो. गोल खूण हुकूम देते, त्रिकोणी खूण सावध करते आणि चौकोनी खूण माहिती देते. थांबण्याची खूण अष्टकोनी आणि रस्ता देण्याची खूण उलटा त्रिकोण. या दोन्ही मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण चिखलाने रंग झाकला गेला तरी आकारावरून त्या ओळखू याव्यात.

कच्चे लायसन सहा महिने चालते. ते हातात आल्यापासून किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही. शिकाऊ चालकाने गाडीला पुढे आणि मागे "एल" पाटी लावायची. पांढरी पाटी १८ सेंटिमीटर चौरस, त्यावर लाल "एल" किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद. दादाची पाटी मी पट्टीने आखून दिली. बाजारात मिळणारा छोटा गोंडस स्टिकर या मापात बसत नाही. आणि पाटी मागच्या गाडीवाल्यासाठी असते. "हा अचानक थांबेल, अंतर ठेवा" एवढे तिने दुरून सांगायला हवे.

आणखी एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. शिकाऊ चालकाबरोबर लायसन असलेला शिकवणारा हवा, आणि मोटरसायकलवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे कच्च्या लायसनवर मित्राला मागे घेऊन फिरणे हाही नियमभंगच.

शिकवणार कोण?

इथे खरी अडचण सुरू होते. मोटारीसाठी गल्लोगल्ली ड्रायव्हिंग स्कूल आहेत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. मोटरसायकलला तसे काही नाही. मागे बसलेल्या माणसाचा हात ब्रेकपर्यंत पोचत नाही. तो फक्त ओरडू शकतो. शिवाय मोटरसायकल शिकवणारी शाळा शोधूनही क्वचित सापडते. बहुतेक जण दादाकडून, काकांकडून किंवा मित्राकडून शिकतात, आणि शिकवणाऱ्याच्या सवयी बरोबर घेऊन जातात. त्याला फक्त मागचा ब्रेक मारायची सवय असेल, तर शिकणाऱ्यालाही तीच लागते.

कायदा तीस दिवस देतो. त्या तीस दिवसांत काय करायचे, ते मात्र घराने ठरवायचे असते. माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

दादाचे नशीब की आमच्या शेजारी एक अंकल राहतात. ते पूर्वी आयडियल जावाच्या कारखान्यात होते. म्हैसूरच्या यादवगिरीत १९६१ साली हा कारखाना निघाला आणि १९९६ ला बंद झाला. आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने तिथून गाड्या बाहेर पडत. त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असत. किक मारून झाली की तोच दांडा पुढे ढकलून गिअर म्हणून वापरायचा. असल्या गाड्यांवर आयुष्य गेलेल्या माणसाला घाई अजिबात नसते. अंकल दादाला सतत एकच कन्नड शब्द म्हणत : "निधान, निधान." कन्नडमध्ये त्याचा अर्थ "सावकाश". मराठीत निधान म्हणजे ठेवा. मला दोन्ही अर्थ पटले.

सराव रविवारी पहाटे व्हायचा, कारण तेव्हा कारखान्यांच्या भागात ट्रक कमी असतात. रस्त्यावर गाडी निघाली की अंकल मागे बसलेले असत, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. त्यांनी ठरवलेला क्रम असा होता.

पहिले दोन दिवस इंजिन बंद. गाडी स्टँडवरून काढायची, हाताने ढकलत न्यायची, वळवायची, परत स्टँडवर लावायची. गाडीचे वजन कोणत्या कोनापर्यंत आपले ऐकते आणि कुठून पुढे पडू लागते, हे हातांना कळले पाहिजे. दादाला हे बालिश वाटले. पण दुसऱ्या दिवशी गाडी कलली तेव्हा त्याने ती नीट सावरली.

मग हाफ क्लच. क्लच हळूहळू सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. ती जागा सापडली की गाडी माणसाच्या चालीने नेता येते. अंकल शेजारून चालत आणि दादाने त्यांच्या पुढे जायचे नाही. एक्सलरेटर जवळजवळ नाही, पाय फूटरेस्टवर आणि नजर समोर. हे पंधरा मिनिटे केले तरी दादाच्या शर्टाची पाठ भिजायची.

मग नजर. मोटरसायकल जिकडे बघाल तिकडे जाते. खड्ड्याकडे बघत राहिले की चाक खड्ड्यातच जाते. वळताना हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरवायची. माझ्या विटा यासाठीच होत्या. विटेकडे बघणारा विटेला धडकतो आणि दोन विटांमधल्या मोकळ्या जागेकडे बघणारा सुटतो.

त्यानंतर ब्रेक, मग गिअर, आणि वेग सगळ्यात शेवटी. अंकलचे म्हणणे असे की थांबता येण्याआधी पळायला शिकवू नये.

आपल्याला हे वेगळ्या ठिकाणी दिसते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मोटरसायकलवर मनोरे उभारणारे सिग्नल कोअरचे "डेअर डेव्हिल्स" आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हे पथक १९३५ पासूनचे, जबलपूरचे. आर्मी सर्व्हिस कोअरचे "टॉर्नेडोज" बंगळूरचे. आपण टाळ्या वाजवतो त्या मनोऱ्याला. पण नीट बघा, मनोरा पुढे सरकतो तो संथ, एकसारख्या वेगाने. खाली गाडी चालवणाऱ्याचा क्लच आणि एक्सलरेटर जराही हलत नाही, म्हणून वरचे जवान उभे राहू शकतात. सिग्नल कोअरचे स्वार पूर्वी मोटरसायकलवरून निरोप पोचवत. तिथे निरोप वेळेवर पोचण्याला मोल होते, वाटेत दाखवलेल्या करामतीला नव्हे.

थांबायला किती जागा लागते?

हा भाग मी नववीतल्या गतीच्या समीकरणावरून काढला. थांबण्याचे अंतर दोन तुकड्यांचे असते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत गाडी जाते ते एक, आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत जाते ते दुसरे. पहिल्यासाठी एक सेकंद धरला. दुसऱ्यासाठी कोरड्या चांगल्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला सहा मीटर प्रति सेकंद कमी होतो असे धरले.

ताशी २० किलोमीटरला एकूण ८ मीटर लागतात. ताशी ४० ला २१ मीटर. ताशी ६० ला ४० मीटर. आपले बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आहे. ताशी ६० ने जाणारी गाडी जवळजवळ दीड मैदान ओलांडूनच थांबते. वेग तिप्पट झाला तर अंतर पाचपट होते, कारण दुसऱ्या तुकड्यात वेगाचा वर्ग येतो. रस्त्यावर वाळू किंवा बारीक खडी असेल आणि ब्रेकची पकड निम्मी झाली, तर ताशी ४० लाही ३१ मीटरच्या वर जागा लागते. कारखान्यांच्या वळणावर ट्रकमधून सांडलेली खडी नेहमी असते, हे आमच्याकडचे सगळे दुचाकीवाले जाणतात.

ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक मारलास तर उडशील" असे सांगणारे खूप भेटतात. हँडल वळलेले असताना किंवा खडीवर पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर गाडी पडते, हे खरे. पण सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके आणि मग घट्ट दाबणे, हीच योग्य पद्धत आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. एबीएस चाक घसरू देत नाही. पण दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा तो एक सेकंद कोणतेही यंत्र वाचवत नाही. तो मोबाइलकडे किंवा मागच्या मित्राच्या बोलण्याकडे लक्ष असेल, तर दोन सेकंदांचा होतो.

परीक्षेचा आठ

पक्क्या लायसनच्या परीक्षेत आठ काढावा लागतो. आपला मराठी ८ नव्हे, इंग्रजी आठ, म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे. पाय न टेकता, रेघ न ओलांडता. पुष्कळ जण परीक्षेच्या आदल्या दिवशी आठाचा सराव करतात आणि त्याला एक कटकट समजतात. पण आठ म्हणजे हाफ क्लच, नजर आणि तोल या तिन्हींची एकत्र परीक्षा आहे. डावे वळण आणि उजवे वळण दोन्ही त्यात येतात. ज्याला वेगाच्या जोरावर तोल सांभाळायची सवय आहे तो इथे पाय टेकतो, कारण आठात वेग घेताच येत नाही.

नापास झालो तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झालो तर साठ दिवस थांबावे लागते. तिशीच्या आत काढलेले पक्के लायसन चाळीस वर्षे वयापर्यंत चालते. दादाच्या आधी उभ्या असलेल्या एकाने पाय टेकला, तेव्हा रांगेतले बाकीचे हसले. अंकलना ते आवडले नाही. ते म्हणाले की इथे पाय टेकलेला बरा, हुणसूर रस्त्यावर टेकण्यापेक्षा.

हेल्मेट

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले चालवणारे आणि मागे बसलेले मिळून ५०,०२९. आपल्या शाळेच्या प्रार्थनेला जेवढी मुले उभी राहतात ती डोळ्यांपुढे आणा आणि तेवढ्या किती शाळा होतील, ते मोजा.

चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला दोघांनाही. हेल्मेटवर आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक हवा. पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल, तर ते हेल्मेट घातले असे कायदा मानत नाही. तसे ते उपयोगीही नसते, कारण पहिल्या आदळीतच निघून जाते. नियम मोडल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन अपात्र, असे आहे. तिघे बसल्यासही तेवढेच. जागेवर भरायची रक्कम राज्यागणिक कमी-जास्त असते, पण डोके सगळ्या राज्यांत सारखेच फुटते.

आपण आत्ता काय करावे?

पंधराव्या वर्षी गाडी चालवता येत नाही म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही. चालक होण्याची बरीचशी तयारी लायसनशिवाय करता येते.

सायकलवर आठ काढा. जितका सावकाश काढाल तितका चांगला. वळण्याआधी मागे बघून हात दाखवायची सवय सायकलवरच लावा. तीच पुढे आरसा आणि इंडिकेटरची सवय होते.

वडिलांच्या मागे बसलात की नुसते बसू नका. पुढचा रस्ता वाचा. थांबलेल्या बसच्या पुढून कोण येईल, रिक्षा कुठे वळेल, खडी कुठे आहे, हे मनात आधी सांगा आणि बरोबर येते का बघा. आणि हेल्मेट नसेल तर बसू नका, घर जवळ असले तरी. वडिलांना हे सांगायला अवघड वाटते, पण बहुतेक वडील मुलाचे ऐकतात, हे मी आमच्या घरी पाहिले आहे. आता आमच्याकडे दारामागे दोन हेल्मेट टांगलेली असतात.

गाडीची ओळख करून घ्या. टायरमधली हवा, साखळीचा ताण, ब्रेकची पकड, दिवे आणि आरसे हे सगळे गाडी उभी असताना तपासता येते. रविवारी सकाळी वडिलांबरोबर गाडी धुवा, म्हणजे आपोआप कळेल.

आणि सुट्टीत कोणी किल्ली पुढे करून म्हणाले, "एक फेरी मारून ये, कोण बघतंय?" तर कलम १९९अ सांगा. कलमाचा क्रमांक आठवला नाही, तर एवढेच सांगा की शिक्षा बाबांना होते.

सोळा ते अठरा ही दोन वर्षे आपल्याला मोठी वाटतात. पण एन.डी.ए.ची तयारी आपण यापेक्षा जास्त वर्षे करतो आणि कोणी कुरकुरत नाही. चाळीस वर्षे वयापर्यंतच्या लायसनसाठी दोन वर्षे सायकलवर आठ काढणे फारसे महाग नाही.